हाल हिग्डन यांचा 'नोव्हिस १' हाफ मॅरेथॉन प्लॅन: पूर्ण करून लिहिलेला रिव्ह्यू

पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे साधारण २१ किमी, पळायची असं एकदा ठरलं की प्लॅनची शोधाशोध सुरू होते, आणि मग कळतं की प्लॅन ढिगाने आहेत, कुणी म्हणतं आठवड्यात तीनच दिवस पळा, कुणी म्हणतं सहा दिवस, कुणी पहिल्याच आठवड्यात इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असे आलटून पालटून तुकडे) टाकतं, आणि ज्याला आत्ता कुठे ५ किमी सलग जमायला लागलेत त्याला काय धरावं काय सोडावं कळत नाही. मी यातून हाल हिग्डन यांचा 'नोव्हिस १' घेतला, १२ आठवड्यांचा आहे, पूर्ण केला, त्यावर रेसही पळले, आणि हा रिव्ह्यू त्याचाच.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. तीन मैल म्हणजे साधारण ५ किमी न थांबता पळता येत असतील आणि पहिली हाफ धडपणे पूर्ण करायची एवढंच मनात असेल, टाइमचा आग्रह नसेल, तर बिनधास्त घ्या. ५ पैकी ४. या प्लॅनचं बळ त्याच्या कमीपणात आहे, तो तुमच्याकडून फार थोडं मागतो आणि ते थोडं नियमित मागतो, आणि नव्या पळणाऱ्याला नेमकं तेवढंच लागतं असं माझं आता ठाम मत झालंय. पण तक्त्यात न लिहिलेल्या तीन गोष्टी आहेत, पेस (किलोमीटरमागे किती मिनिटं, म्हणजे वेग), स्ट्रेंथ (ताकदीचे व्यायाम) आणि पळताना खाणंपिणं, त्या आपण भरून घ्याव्या लागतात, म्हणून एक मार्क कापला.

हिग्डन कोण हे माहीत नसेल तर थोडक्यात, हे अमेरिकन लेखक आणि कोच, स्वतः मोठे धावपटू, १९६४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये पाचवे आले होते आणि त्या वर्षी अमेरिकन धावपटूंमध्ये पहिले. त्यांच्या वेबसाइटवर हा तक्ता फुकट बघायला मिळतो. मी तो कागदावर उतरवून भिंतीला लावला आणि झालेल्या दिवसावर खूण करत गेले, अॅप वगैरे काही वापरलं नाही, आणि खरं सांगायचं तर या प्लॅनला त्याची गरजही नाही इतका तो साधा आहे.

आठवडा असा असतो. सोमवार आणि शुक्रवार पळायचं नाही. मंगळवार आणि गुरुवार एकसारखे रन, सुरुवातीला ३ मैल आणि वाढत वाढत ५ मैल. बुधवारी छोटासा रन, आधी २ मैल आणि नंतर ३, किंवा त्याऐवजी क्रॉस ट्रेनिंग, म्हणजे पळण्याऐवजी सायकल, पोहणं असा दुसरा व्यायाम. शनिवारी क्रॉस ट्रेनिंग, ३० मिनिटांपासून ६० मिनिटांपर्यंत. रविवारी लाँग रन, ४ मैलांपासून सुरू होऊन अकराव्या आठवड्यात १० मैल. सहाव्या आठवड्यात रविवारी ५ किमीची रेस आणि नवव्या आठवड्यात १० किमीची, आणि त्या दोन्ही वेळी आदल्या दिवशी पूर्ण आराम. बाराव्या आठवड्यात ४, ३ आणि २ मैलांचे रन, मग दोन दिवस आराम आणि रेस. बस, एवढंच आहे.

मैलांचा त्रास होतो हे आधीच मान्य करते कारण आपण सगळे किलोमीटरमध्ये विचार करतो. ३ मैल म्हणजे ४.८ किमी, ४ म्हणजे ६.४, ५ म्हणजे ८, आणि १० मैल म्हणजे १६.१. मी सरळ जवळच्या अर्ध्या किलोमीटरला नेऊन ठेवलं, ४.८ चे ५ केले, ६.४ चे साडेसहा केले, एवढ्याने काही बिघडत नाही. फक्त सगळीकडे वरच्याच बाजूला नेऊ नका, कारण आठवड्याच्या चार रनमध्ये ते हळूच साठत जातं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे हळू पळणं. प्लॅनमध्ये पेसचा आकडाच नाही, एवढंच सांगितलंय की बोलता येईल अशा वेगाने पळा. नव्या माणसाला हे फारच मोघम वाटतं, मलाही आधी वाटलं होतं की काहीतरी मिनिट-सेकंदात सांगा ना. पण पूर्ण केल्यावर वाटतं की आकडा न देणंच बरोबर आहे, कारण तुमचा सोपा वेग आणि माझा सोपा वेग यात किलोमीटरमागे दोन मिनिटांचा फरक असू शकतो, आणि त्याच माणसाचा सोपा वेग उकाड्यात वेगळा, झोप न झालेल्या दिवशी वेगळा, चढावर वेगळा. बोलता येण्याची कसोटी मात्र या सगळ्यात आपोआप जुळवून घेते. सलग एक पूर्ण लांबलचक वाक्य धाप न लागता म्हणता आलं पाहिजे, तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, कमी करा, मग शेजारून चालणारा पुढे गेला तरी जाऊ दे.

हे इतकं जोर देऊन का सांगतेय त्याला कारण आहे. शरीरातल्या सगळ्या गोष्टी एका वेगाने तयार होत नाहीत. नियमित पळायला लागलं की पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, वाढायला लागतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये मायटोकाँड्रिया (पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग) आणि बारीक रक्तवाहिन्या वाढतात, त्यामुळे महिन्याभरात श्वास एकदम मोकळा वाटायला लागतो. पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं यांना कित्येक महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते चल अजून जोरात जाऊ आणि पोटरी, टाच, नडगी अजून त्यासाठी तयार नसतात, आणि बहुतेक नवे लोक नेमके इथेच दुखापत करून घेतात. नोव्हिस १ मध्ये तिसरा आणि चौथा आठवडा अगदी एकसारखा आहे, साडेतीन, दोन, साडेतीन आणि रविवारी ५ मैल, काहीही वाढवलेलं नाही. वाचताना ते कंटाळवाणं वाटतं पण त्या आठवड्यात ते कंटाळवाणं असणंच फायद्याचं आहे. आपल्या मनाने वाढवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

बुधवारचा तो २ मैलांचा रन बघून खूप जणांना वाटतं की एवढ्याशासाठी शूज काय घालायचे, त्यापेक्षा टाळू. मला उलट तो आठवड्यातला सगळ्यात शहाणा रन वाटतो. मंगळवारी पळून थोडे जड झालेले पाय घेऊन अगदी थोडं, अगदी हळू पळायचं, म्हणजे लाँग रनला न थकता पायांना सलग दिवस पळायची सवय होते आणि आठवड्याचं अंतरही थोडं वाढतं. ज्यांना पोटरी किंवा नडगीचा आधीपासून त्रास आहे त्यांनी मात्र तिथे 'किंवा क्रॉस' हा जो पर्याय दिलाय तो घ्यावा, सायकल, पोहणं, काहीही, त्यात कमीपणा नाही.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल एक गोष्ट. आता सगळ्यांकडे हार्ट रेट दाखवणारं घड्याळ असतं आणि सगळे झोन २ झोन २ (हार्ट रेटच्या पट्ट्यांमधली सोप्या पळण्याची पट्टी) म्हणत असतात, पण मनगटावर प्रकाशाने मोजलेला हार्ट रेट पळताना चुकू शकतो, घड्याळ सैल असेल, थंडी असेल, तर आकडा मागे पडतो, आणि कधीकधी घड्याळ हृदयाच्या ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडतं आणि सोप्या रनला १७० दाखवतं. शिवाय झोन काढायला वापरतात तो २२० वजा वय हा हिशोब सरासरीचा आहे, एकेका माणसासाठी तो दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होतो. म्हणून घड्याळ आणि श्वास यांचं पटलं नाही तर श्वासाचं ऐका.

चालण्याबद्दल हिग्डन यांची भूमिका मला फार आवडली, लागलं तर चाला, त्यात काही चुकलं असं मानायचं नाही. ज्यांना हेच पद्धतशीर करायचंय त्यांच्यासाठी जेफ गॅलोवे यांची रन-वॉक-रन पद्धत आहे, गॅलोवे हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले, आणि त्यांचं म्हणणं असं की दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी ठरवून थोडं चालायचं, आणि पहिल्या मिनिटापासून ते करायचं. मी नोव्हिस १ च्या लांब अंतराच्या रविवारांना हे वापरलं, काही मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं, आणि पुढच्या मंगळवारी पाय किती ताजे राहतात हे बघून थक्क झाले. प्लॅन हिग्डन यांचा आणि लाँग रनची पद्धत गॅलोवे यांची, हे दोन्ही एकत्र छान बसतं, तक्त्यात काहीच बदलावं लागत नाही.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वाद होतो ती, म्हणजे सगळ्यात लांब रन १० मैल, आणि रेस २१.०९७५ किमी, म्हणजे रेसच्या दिवशी तुम्ही आधी कधीच न पळलेले ५ किमी पळणार. हे ऐकून पोटात गोळा येतो, मला माहितेय. हिग्डन यांचं म्हणणं असं की १० मैल झाले की रेसच्या दिवशी उरलेलं होऊन जातं, आणि होतं, खरंच होतं. आधीचे दोन दिवस पूर्ण आराम, त्या आठवड्यात अंतर कमी केलेलं, बाजूला शेकडो माणसं पळतायत, थोड्याथोड्या अंतरावर पाणी, हे सगळं ट्रेनिंगच्या रविवारी नसतं. आणि हळू पळणाऱ्याला १६ किमीला सव्वादोन तास लागत असतील तर ट्रेनिंगमध्ये २१ करायला तीन तास लागतील, एवढा ताण आठवड्याला जेमतेम वीस-पंचवीस मैल पळणाऱ्या शरीरावर कशाला टाकायचा, त्यातून सावरण्यातच पुढचा आठवडा जातो.

तरी यातली दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा नियम सगळीकडे ऐकू येतो, पण नेदरलँड्समध्ये नव्या धावपटूंवर एक प्रयोग झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, एका गटाला १० टक्क्यांच्या नियमाने १३ आठवडे हळूहळू नेलं आणि दुसऱ्याला ८ आठवड्यांत त्याच ध्येयाला, तर दोन्ही गटांत साधारण पाचात एकाला दुखापत झाली, फरक काहीच नाही. मग २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदींवरून एक अभ्यास आला, त्यात आठवड्याच्या एकूण अंतरापेक्षा एकाच रनमधली उडी महत्त्वाची निघाली, म्हणजे मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात पळलं तर दुखापतीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. या मापाने नोव्हिस १ बघितला तर ४ वरून ५ मैल ही २५ टक्क्यांची उडी आहे, ८ वरून ९ ही साडेबारा टक्के, आणि १० वरून १३.१ ही ३१ टक्के. आता सुरुवातीच्या उड्या टक्क्यांत मोठ्या असल्या तरी अंतर छोटं आहे, आणि रेस ही एकदाच असते. पण ज्यांचं शरीर थोडं नाजूक आहे, वय जास्त आहे, आधी दुखापत झालेली आहे, त्यांनी प्लॅनला १२ ऐवजी १४ किंवा १५ आठवडे द्यावेत, ६, ७ आणि ९ मैलांचे आठवडे दोनदा करावेत. या प्लॅनमध्ये हा बदल सगळ्यात सहज बसतो आणि मला विचाराल तर पहिल्या हाफसाठी रेसची तारीखच तशी लांबची निवडा.

५ आणि १० किमीच्या रेस ही कल्पना फार चांगली आहे आणि लोक ती सगळ्यात आधी गाळतात. बिब (छातीवरचा नंबरचा कागद) कुठे लावायचा, गर्दीत सुरुवात कशी होते, रेसच्या आधी नेमकं किती वाजता खायचं, पहिल्या किलोमीटरला सगळे किती सुसाट सुटतात आणि आपल्यालाही कसं ओढतात, हे सगळं छोट्या रेसमध्ये शिकून होतं. जवळपास त्या तारखेला रेस नसेल तर एकट्याने मोजून पळा, पण जरा जोर लावून, कारण पूर्ण प्लॅनमध्ये जोरात पळायची हीच दोन ठिकाणं आहेत. १० किमीचा टाइम आला की हाफचा अंदाजही बांधता येतो, त्याची दुप्पट करून वर पहिल्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं धरा, काही कॅलक्युलेटर यापेक्षा आशादायक आकडा देतात पण ते आठवड्याला खूप पळणाऱ्यांसाठी जास्त बरोबर असतात.

शनिवारच्या क्रॉस ट्रेनिंगबद्दल माझी तक्रार आहे, म्हणजे ते शनिवारी असण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी लाँग रन आणि आदल्या दिवशी ६० मिनिटं क्रॉस, हे वाचून कुणी जोरात सायकल मारून आला किंवा उड्या मारणारा क्लास करून आला तर रविवारी मांड्या साथ देणार नाहीत. चालणं, सपाट रस्त्यावर निवांत सायकल, पोहणं, यातलं काहीतरी करा, आणि घाम आला तरी पाय थकायला नकोत.

आता ज्यासाठी मुख्यतः मार्क कापला ते स्ट्रेंथ. प्लॅनमध्ये त्याचा उल्लेख जाता जाता येतो पण काय करायचं, किती, कधी, हे नव्या माणसाला त्यातून कळत नाही, आणि माझ्या मते पहिल्या हाफच्या तयारीत पळण्याच्या खालोखाल महत्त्वाचं तेच आहे. २०१४ मध्ये वेगवेगळ्या खेळांमधल्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला होता, त्यात स्ट्रेंथ ट्रेनिंगने दुखापती एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्या, आणि नुसत्या स्ट्रेचिंगने मात्र काही फायदा दिसला नाही. तो अभ्यास फक्त धावपटूंचा नव्हता हे लक्षात ठेवूनही दिशा स्पष्ट आहे. पळताना प्रत्येक पावलाला पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, त्यामुळे मी पोटरीवर सगळ्यात जास्त लक्ष दिलं, टाचा उचलणे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, आधी दोन्ही पायांवर आणि जमल्यावर एका पायावर. त्याला जोडून स्क्वॉट, एक पाय मागे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि साइड प्लँक (कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ धरणे). आठवड्यात दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी रन झाल्यावर त्याच दिवशी, म्हणजे सोमवार आणि शुक्रवार खरंच आरामाचे राहतात. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. शेवटच्या आठवड्यात हे बंद.

खाण्यापिण्याचं तक्त्यात काही नाही. स्नायू आणि लिव्हरमध्ये साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, साधारण दीड ते दोन तासांच्या पळण्याला पुरतं आणि पहिली हाफ पळणाऱ्या बहुतेकांना त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून वाटेत साखर घ्यावी लागते, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट असा सर्वसाधारण सल्ला आहे, आणि एका जेलमध्ये (पळताना घ्यायची साखरेची घट्ट पुडी) बहुधा २० ते २५ ग्रॅम असतं. पहिलं जेल दमल्यावर घ्यायचं नसतं, ४० ते ४५ मिनिटांनी घ्यायचं, आणि सोबत पाणी, नाहीतर पोटात गुडगुड सुरू होते. हे सगळं ७ मैलांच्या रविवारपासून करून बघा कारण पोटालाही सवय लागते, आणि रेसमध्ये कुठल्या कंपनीचं जेल वाटणार आहेत ते आधी कळलं तर तेच वापरून बघा. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिकामा केलाच पाहिजे असं काही नाही, हळू पळणाऱ्यांनी जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊ शकतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षाही धोक्याचं ठरू शकतं.

शूजबद्दल लोक फार गोंधळ घालतात म्हणून एक हिशोब देते. मी तक्त्यातलं सगळं अंतर बेरीज करून बघितलं, बुधवार पळूनच केला असं धरून आणि तिन्ही रेस धरून, साधारण ३३० किमी होतात. पळण्याचे शूज सहसा ५०० ते ८०० किमी टिकतात, म्हणजे एका जोडीत पूर्ण प्लॅन आणि रेस आरामात होते, दुसरी जोडी घ्यायची गरज नाही. निवडताना पायात घातल्याबरोबर आरामदायी वाटतात का हे बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा कारण लांब पळताना पाय सुजतात. रेससाठी म्हणून नवे कोरे आणू नका. आणि १० किमीच्या पुढे कातडी घासली जाते, मांड्यांच्या आत, काखेत, बायकांना स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली, पुरुषांना स्तनाग्रांवर, तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावा. आंघोळीचं पाणी अंगावर पडल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

मधे आजारी पडलात किंवा काही दिवस बुडाले तर काय, हा प्रश्न मला खूप जणींनी विचारला. दोन-तीन दिवस बुडाले तर ते गेले समजा आणि तक्त्यात जिथे आहात तिथून पुढे चला, भरपाई म्हणून दोन रन एका दिवशी करू नका. पूर्ण आठवडा गेला तर तोच आठवडा पुन्हा करा. दोन आठवड्यांहून जास्त गेले तर दोन-तीन आठवडे मागे या आणि रेसची तारीख बदलता येते का बघा. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर पळणं बंद. आणि दुखण्याचा फरक ओळखायला शिका, दोन्ही मांड्या सारख्याच दुखतायत आणि चालल्यावर मोकळ्या होतायत तर ते ठीक आहे, पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, हाडावर दाबल्यावर कळ, पळताना वाढत जाणारं किंवा तुमची चाल बदलायला लावणारं दुखणं, हे थांबायचं दुखणं आहे, विशेषतः नडगीवर आणि पायाच्या वरच्या बाजूला, कारण ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. डॉक्टरकडे जा. छातीत दुखणं, चक्कर, विचित्र धडधड याबद्दल तर वाटच बघायची नाही, आणि हृदयाचा, बीपीचा किंवा शुगरचा त्रास आधीपासून असेल तर प्लॅन सुरू करायच्या आधी जा.

रेससाठी नाव नोंदवताना कट-ऑफ, म्हणजे रेस पूर्ण करायला दिलेला जास्तीत जास्त वेळ, नक्की बघा, ते प्रत्येक रेसचं वेगळं असतं. तीन तासांचं असेल तर सरासरी किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागतात, त्यात पाण्यासाठी थांबणं आणि चालणं सगळं आलं. १० मैलांचा रविवार तुम्ही त्याहून हळू केला असेल तर मोठं कट-ऑफ असलेली रेस शोधा, मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी येतेय या धास्तीत पहिली हाफ पळायची काही गरज नाही. रेसमध्ये पहिले ५ किमी रविवारच्या लाँग रनच्याच वेगाने, लोक ओव्हरटेक करून जातील, जाऊ दे. १५ नंतर पाय जड होतात, तिथे सगळ्यांचे होतात. मी १६ च्या पुढे प्रत्येक पाण्याच्या स्टॉलवर चालत पाणी प्यायले आणि पुन्हा पळायला लागले, आणि शेवटचे दोन किलोमीटर चक्क पूर्ण रेसमधले सगळ्यात चांगले गेले. कमानीखालून जाताना इतका आनंद झाला होता की ओळख ना पाळख अशा बाईला मिठी मारली, ती पण पहिल्यांदाच पळत होती, दोघी रडलो.

हा प्लॅन कुणी घेऊ नये हेही सांगते. ज्यांना अजून सलग पळता येत नाही त्यांनी आधी काउच टू ५के करावं, ९ आठवडे, आठवड्यात तीन दिवस, चालणं आणि पळणं मिसळून, आणि मग एकदोन आठवडे तिथेच स्थिरावून इकडे यावं. ज्यांचं १० किमी आधीच सोपं होतंय आणि ज्यांना टाइमही हवाय त्यांना नोव्हिस १ कमी पडेल, त्यांनी हिग्डन यांचाच नोव्हिस २ बघावा, त्यात रेसच्या वेगाने पळायचे दिवस आहेत आणि लाँग रन १२ मैलांपर्यंत जातो. ज्यांना १० मैलांवर थांबायची भीती जातच नाही त्यांना गॅलोवे यांचा प्लॅन मनाला जास्त शांत ठेवेल कारण त्यात लाँग रन रेसच्या अंतराच्याही पुढे नेतात, फक्त चालणं मिसळून आणि जास्त आठवडे घेऊन. आणि घड्याळातले आपोआप बदलणारे प्लॅन मी वापरलेले नाहीत त्यामुळे त्यावर बोलत नाही. मी आता काही आठवडे नुसतं मनाला येईल तसं हळू पळतेय, त्यानंतर नोव्हिस २ घेणार, तोही पूर्ण झाला की लिहीन.